ठसका न लागलेला घोट

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो माझ्याच पेशंटच्या गळ्याला स्टेथोस्कोप लावून, डोळे मिटून, गुडघ्यांवर बसला होता.

मी एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या हातात चमचा आणि काखेत फाईल घेऊन खाटेच्या पायथ्याशी उभी. सकाळी अकराला नऊ नंबरची खाट माझी असते, हे वॉर्डातल्या झाडूवाल्या मावशींनाही ठाऊक होतं. हा कोण उपटसुंभ?

"अहो, कोण तुम्ही?"

त्याने डोळे न उघडता एक बोट वर केलं. थांबा, असं. आणि मी थांबले, का कोण जाणे. खिडकीतलं फिकट ऊन त्याच्या कानावर पडलं होतं आणि तो इतका मन लावून ऐकत होता, की मलाही श्वास रोखून धरावासा वाटला.

"झालं," तो डोळे उघडत म्हणाला. "माफ करा हं. श्वास संपायची वाट बघत होतो."

"कोणाचा?"

"यांचा." मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं आणि तो लालबुंद झाला. "म्हणजे... घोट गिळल्यानंतरचा. पहिला श्वास."

"माझा संपायला अवकाश आहे अजून," खाटेवरचे आजोबा म्हणाले. "तुमचं दोघांचं चालू द्या."

मी गिळणं तपासते. ऐकणाऱ्याला वाटतं, हा काय धंदा? पण वय झालं की माणसाचं गिळणंही म्हातारं होतं. घोट अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतो. तरुण माणसाला ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येतं, विषय संपला. म्हाताऱ्या माणसाला कधी कधी ठसकाही लागत नाही. पाणी मुकाट छातीत उतरत राहतं, घरचे म्हणतात, आज छान जेवले हो... आणि चार दिवसांनी ताप येतो. तो ताप बऱ्याचदा शेवटचा असतो.

हे आधी ओळखायचं कसं? खात्रीचा उपाय म्हणजे एक्स-रेखाली बसवून, घोट खाली जाताना त्याची फिल्म बघायची. पण ते मशीन पलीकडच्या इमारतीत होतं, त्यावर आमच्या वॉर्डाला आठवड्यातला एकच दिवस मिळायचा, आणि आमच्या निम्म्या पेशंटना धड बसताही येत नसे. म्हणून मग खाटेपाशीच तपासायचं. चमचाभर पाणी द्यायचं, कंठमणी वर सरकतो का ते बोटांनी बघायचं. मग घोटभर, मग पेलाभर. गिळल्यावर 'आ' म्हणायला लावायचं, आवाज ओला, घशात पाणी खळखळल्यासारखा झाला का ते ऐकायचं. गळ्याला स्टेथोस्कोप लावून घोटाची टक-टक आणि नंतरचा श्वास ऐकायचा. ना सुई, ना नळी. फक्त डोळे, बोटं आणि कान.

"आणि डोळे, बोटं, कान यांच्यावर भरवसा किती ठेवायचा, तेच मला मोजायचंय," मॅडम म्हणाल्या. मॅडम म्हणजे आमच्या वॉर्डाच्या मोठ्या डॉक्टर. तोही गिळणं तपासणाराच निघाला, वॉर्डात नवा; त्यांनी आम्हा दोघांना त्याच दिवशी समोर बसवलं. "एकाच पेशंटला, एकाच दिवशी, दोघांनी वेगवेगळं तपासायचं. कागदावर तीनपैकी एक खूण: पास, सांभाळून, नापास. कागद पाकिटात, पाकीट माझ्या टेबलावर. पेशंटबद्दल एकमेकांशी एक अक्षर बोलायचं नाही. दोघांचं स्वतंत्रपणे एकच उत्तर आलं, तर म्हणता येईल की ही तपासणी भरवशाची आहे. समजलं?"

"समजलं," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

"सुरुवात तर बरी आहे," मॅडम म्हणाल्या.

सुरुवात बरी नव्हती. पहिल्या महिन्यात आम्ही चाळीस पेशंट बघितले आणि पंचविसांवर एकमत झालं. उरलेल्या पंधरांत मी बहुतेक वेळा पास केलेलं आणि त्याने नापास. कोणाचं काय ते मॅडम सांगत नसत, पण आकड्यावरून मला एवढं कळलं की हा माणूस माझ्याहून कडक आहे. कोणी कडक निघालं की मला राग येतो. नापास म्हणजे काय, ते मी बघितलंय. चहा बंद, पाणी बंद, नाकात नळी, आणि ती नळी उपटू नये म्हणून हाताला बांधलेले कापडी मोजे. मी तशा बायकांच्या डोळ्यांत बघितलंय.

पेशंटबद्दल बोलायची बंदी, म्हणून मग कॅन्टीनमध्ये आम्ही बाकी सगळ्याबद्दल बोलायला लागलो.

"तुम्ही चहात बिस्कीट बुडवताना मोजता का?" त्याने एकदा विचारलं.

"काय मोजते?"

"सेकंद. ओठ हलतात तुमचे."

"तुम्ही माझ्या ओठांकडे बघता?"

तो चहात बघायला लागला. "धंद्याचा भाग आहे तो," तो म्हणाला. "ओठ नीट मिटतात की नाही..."

"मग? पास की नापास?"

"ते पाकिटात टाकीन."

मला हसू आलं, आणि नेमका तेव्हाच चहाचा घोट तोंडात होता. असा ठसका लागला की शेजारच्या टेबलावरची नर्स उठून आली. तो मात्र जागचा हलला नाही. शांतपणे म्हणाला, "ठसका चांगला आहे. जोरदार. काळजीचं कारण नाही."

मी काही दिवसांनी त्याला विचारलं, इतका कडक का? पेशंटबद्दल नव्हे, त्याच्याबद्दल विचारत होते, म्हणून नियम मोडत नव्हता.

"वडिलांना मी भरवायचो," तो म्हणाला. "वर्षभर. दुधात भिजवलेला पाव, चमच्याने. कधी ठसका नाही, कधी तक्रार नाही. शेजारीपाजारी म्हणायचे, पोरगा बघा कसा करतो. मलाही वाटायचं, करतोय बुवा आपण काहीतरी. मग छाती भरली. डॉक्टर म्हणाले, हे वर्षभर थोडं थोडं आत जातंय." त्याने कप फिरवून ठेवला. "कोणाच्या हातून, ते त्यांनी नाही विचारलं."

मी टेबलावरच्या त्याच्या हाताकडे बघत राहिले. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांना 'तू' म्हणायला लागलो. कोणी ठरवलं नव्हतं.

टेलिफोन आजी आमच्या वॉर्डात आल्या त्या तिसऱ्या महिन्यात. वय एक्याऐंशी. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे कॉल जोडून दिलेले. लग्न केलं नव्हतं. बहिणीच्या मुलीला लहानपणापासून त्यांनीच वाढवलं होतं. ती आता एका शाळेत कारकून होती, आणि रोज संध्याकाळी पाच वाजता, शाळेच्या शाईचे डाग बोटांवर तसेच घेऊन मावशीपाशी यायची. आजींना छातीच्या दुखण्यानंतर फार अशक्तपणा आला होता. शरीर वाळून गेलं होतं, जीभ मात्र शाबूत होती.

आम्हा दोघांची नावं त्यांनीच ठेवली. मी घोटबाई. तो कानसेन.

"हे आले का आपले कानसेन?" त्या मला विचारायच्या. "तुझ्या मागोमाग दोन तासांनी येतात. तुझ्याच खुर्चीत बसतात. मला वाटतं, ती खुर्ची गार व्हायच्या आत यायचं असतं त्यांना."

"आजी, घोट घ्या."

"घेते. चौतीस वर्षं लोकांचं ऐकलंय मी, बाळ. कोण बायकोशी बोलतंय आणि कोण दुसरीशी, ते नुसत्या 'हॅलो'वरून कळायचं मला. तो माझ्या गळ्याला नळी लावतो ना, तेव्हा त्याचं अर्धं लक्ष दाराकडे असतं."

मी हसत होते. माझी दोन बोटं त्यांच्या कंठमण्यावर होती, आणि मी हसत होते. घोट खाली गेला. कंठमणी वर सरकला, जरा सावकाश. ठसका नाही. "आ म्हणा." त्यांनी 'आ' म्हटलं आणि पुढे जोडलं, "...ता विचार त्याला." आवाज मला स्वच्छ वाटला. मी स्टेथोस्कोप लावला, दोन टक-टक ऐकले, पुढचा श्वास ऐकण्याआधीच त्या पुन्हा बोलायला लागल्या आणि मी तो काढून घेतला.

पास.

संध्याकाळी भाचीने विचारलं, "मावशीला चहा देऊ ना? खूप मागे लागली आहे." दोन्ही कागद पास होते, म्हणून वॉर्डाने परवानगी दिली होती. एक्स-रेची पाळी पुढच्या आठवड्यात होती. मी म्हणाले, "द्या की. निर्धास्त द्या."

निर्धास्त. हा शब्द मी वापरला होता.

त्याच आठवड्यात मॅडमनी आम्हाला बोलावलं. त्यांच्यासमोर महिन्याचा तक्ता होता.

"बेचाळीस पेशंट," त्या म्हणाल्या. "चाळीसांवर एकमत. पहिल्या महिन्यात तुम्ही भांडणाऱ्या शेजाऱ्यांसारखे होतात. इतकं एकमत नवरा-बायकोतही नसतं. कागद दाखवता का एकमेकांना?"

"नाही," मी म्हणाले, आणि ते खरं होतं.

"बोलता?"

"नाही, मॅडम," तो म्हणाला. तेही खरं होतं.

बाहेर बारीक पाऊस पडत होता. आम्ही दोन इमारतींमधल्या पत्र्याच्या छपराखाली उभे राहिलो. चाळीस! मला शाळेत पहिला नंबर आल्यासारखं झालं होतं. दोन माणसं एकाच गोष्टीकडे बघतात आणि दोघांना तेच दिसतं... प्रेम म्हणजे आणखी काय असतं, असं मला त्या वेळी खरोखर वाटलं.

"तुला माहीत आहे," तो म्हणाला, "तू कोणाला नापास केलंस की जिन्याने खाली येतेस. पास केलंस की लिफ्टने."

"काहीतरीच."

"खरंच. मी रोज बघतो."

"आणि तू?" मी म्हणाले. "तू नापास केलंस की हात धुतोस. चांगली दोन मिनिटं, कोपरापर्यंत. पास केलंस की नुसते ओले करतोस."

आम्ही हसलो. त्याने माझ्या केसांवरचा पावसाचा थेंब बोटाने टिपला, आणि बोट तिथेच राहिलं... थोडं जास्त वेळ. आपण आत्ता एकमेकांना काय सांगितलं, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात शिरलं नाही.

आजींना चौथ्या दिवशी ताप आला.

सकाळी मी गेले तेव्हा पडदे ओढलेले होते. आतून तो आवाज येत होता, जो आमच्या वॉर्डात सगळ्यांना ओळखू येतो. हुक्क्यात पाणी असावं तसा श्वास. भाची खाटेपाशी उभी होती, शाळेत न जाता. तिने मला बघितलं आणि म्हणाली, "ठसका एकदाही लागला नव्हता हो. एकदाही नाही. मी बघत होते."

आजी सहा दिवस जगल्या. पहिले दोन दिवस बोलत होत्या. नंतर धाप इतकी वाढली की नाकाला मास्क लागला आणि त्यांचं बोलणं बंद झालं. ज्या बाईने जन्मभर बोलणं जोडून दिलं, तिला 'पाणी' एवढंही म्हणता येईना. आजी दोन बोटं ओठांना लावायच्या. पाणी द्यायची परवानगी नव्हती. मी ओला बोळा ओठांवर फिरवायचे आणि त्या तो दातांत धरायच्या. सहाव्या दिवशी दुपारी, जेवणाच्या गाड्या फिरत असताना, त्या गेल्या. भाची औषधांच्या खिडकीपाशी रांगेत होती. तिला सांगायला मीच गेले.

त्यानंतर तीन दिवस तो कॅन्टीनमध्ये आला नाही. चौथ्या दिवशी मी त्याला साठवणीच्या खोलीत गाठलं. चादरींच्या कपाटासमोर तो उगाचच उभा होता.

"बोल माझ्याशी," मी म्हणाले.

"मला ऐकू आलं होतं."

"काय?"

"त्या दिवशी. घोटानंतरचा श्वास. ओला होता..." तो थांबला. "स्पष्ट नव्हता. पण होता."

"मग तू पास का केलंस?"

"कारण त्याआधी मी खाली उभा होतो तेव्हा तू लिफ्टमधून बाहेर पडलीस. हसत होतीस. मला कळलं, तू पास केलंयस. आणि मला वाटलं, मीच चुकत असेन. दुधाने तोंड पोळलेला माणूस मी, ताकसुद्धा फुंकून पिणार. तू माझ्यापेक्षा जास्त वर्षं करतेयस. आणि..."

"आणि काय?"

"आणि मला तुझ्या विरुद्ध लिहायचं नव्हतं. लिहवतच नव्हतं."

मी चादरींच्या घड्या बघत राहिले. पांढऱ्या, कडक, एकावर एक. माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती फार वाईट होती: म्हणजे चूक त्याची आहे. दुसरी गोष्ट यायला जरा वेळ लागला.

"मी श्वास ऐकलाच नाही," मी म्हणाले. "पूर्ण ऐकलाच नाही मी. त्या तुझ्याबद्दल बोलत होत्या आणि मला ते ऐकायचं होतं."

तो खाली बसला, जमिनीवर, कपाटाला पाठ लावून. मी बसले नाही. त्या क्षणी मला त्याच्या शेजारी बसवेना.

"किती?" मी विचारलं. "असे किती कागद?"

"माहीत नाही. जिथे मी आधी गेलो होतो, तिथे तू किती वेळा माझे हात बघितलेस?"

मी खोलीचं दार उघडलं आणि त्याच्यासाठी धरून ठेवलं.

आम्ही मॅडमकडे गेलो, एकत्र, आणि सगळं सांगितलं. अळीमिळी गुपचिळी करून बसलो असतो, तर कोणाला कळलं नसतं. उलट त्या चाळीसच्या आकड्यावर टाळ्या पडल्या असत्या. मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ कपाळ चोळलं.

"दोन महिन्यांचे कागद बाद," त्या शेवटी म्हणाल्या. "त्यातल्या जिवंत पेशंटची तपासणी पुन्हा, आजपासून, दुसऱ्या माणसांकडून. तुम्ही दोघं यापुढे एका खाटेपाशी जायचं नाही." मग कपाटातून एक फाईल काढली. "हे बघून जा. पहिल्या महिन्यातल्या ज्यांची फिल्म झाली, त्यांचे निकाल. अठ्ठावीस जण. त्यातल्या अकरा जणांचा घोट छातीत जात होता. तू एकटीने सहा पकडलेस. याने आठ. पण दोघांपैकी निदान एकाने तरी हरकत घेतली, असं मोजलं तर अकराच्या अकरा." त्यांनी फाईल मिटली. "तुमचं जमत नव्हतं, तेव्हा तुमच्या हातून एकही सुटला नाही."

बाहेर आल्यावर तो हात धुवायच्या नळाकडे वळला आणि मी जिन्याकडे. नंतर दोन महिने आम्ही बोललो नाही.

माझ्यापुढे एक काम उरलं होतं, भाचीला खरं सांगायचं. त्यावर मॅडम म्हणाल्या, रुग्णालयाकडून पत्र जाईल. मी म्हणाले, पत्र जाऊ दे, पण निर्धास्त हा शब्द मी तोंडाने म्हटलाय. शाळा सुटल्यानंतर मी भाचीच्या घरी गेले. तिने दार उघडलं. आत मावशीच्या साड्या जमिनीवर गठ्ठ्यांनी मांडलेल्या होत्या. मी उंबऱ्यातच उभी राहून सगळं सांगितलं. काही न लपवता, जे झालं ते. त्याला ऐकू आलं होतं तेही, आणि मी ऐकलं नाही तेही.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "चहा मी पाजला."

"माझ्या सांगण्यावरून."

"चमच्याने. फुंकर घालून." तिचा आवाज अजिबात चढला नाही. "मला हे का सांगायला आलात? तुम्हाला बरं वाटावं म्हणून? आता तुम्हाला बरं वाटेल आणि मी जन्मभर त्या चमच्याचा विचार करीन."

तिने दार लावलं. आपटलं नाही, हळूच लावलं. ते जास्त लागलं.

घरी आईने विचारलं, "जेवत का नाहीस?" मी म्हणाले, भूक नाही. खरं म्हणजे प्रत्येक घोटाला माझं लक्ष माझ्याच गळ्याकडे जायचं. पाणी खाली उतरताना मी मोजायचे. त्याचाही राग यायचा मला, आणि राग आला की तो आठवायचा. त्याचा कान, त्यावरचं ऊन. मी कॅन्टीनला जायचं सोडलं. तो मागच्या दाराने येतो-जातो, असं नर्स म्हणायची. ती एक दिवस म्हणाली, "तुमचे ते चालले की. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या रुग्णालयात. उद्याच."

"माझे कोणी नाहीत ते," मी म्हणाले.

दुपारी चार वाजता मी त्याच्या राहत्या खोलीच्या दाराशी होते.

जिन्यावर तिसऱ्या मजल्यापर्यंत फिनेलचा वास, खोलीत एक खाट, एक टेबल, अर्धी भरलेली बॅग. तो शर्टाची घडी घालत होता. वाईट घालत होता. मला बघून तो थांबला नाही.

"ये," तो म्हणाला. "खुर्चीवर पुस्तकं आहेत, खाली ठेव."

मी बसले. मग मी म्हणाले, "जाऊ नकोस, असं सांगायला आले नाहीये."

"बरं झालं. कारण मी जाणार आहे." त्याने दुसरा शर्ट घेतला. "आपण एका छपराखाली काम करायचं नाही, हे मला पटलंय. तू कुठल्या खाटेवरून उठून आलीस, ते मला अजूनही तुझ्या चालण्यावरून कळतं. मला ते कळायला नको."

"तेवढंच कारण?"

"नाही." त्याने घडी खाली ठेवली. "तुला बघितलं की मला आजी दिसतात. दोन बोटं ओठांवर. म्हणून मी मागच्या दाराने जातो."

"मलाही दिसतात. तुला बघितलं की."

"मग झालं तर."

"न बघताही दिसतात," मी म्हणाले. "तू नसलास तरी. आणि तेव्हा मी एकटी असते. मला एकटीला नाही बघवत रे."

तो खाटेच्या कडेवर बसला. खिडकीबाहेर कोणीतरी सायकल पुसत होतं. फडक्याचा आवाज येत होता. त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते. मी उठले नाही. मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि या वेळी मी शेवटपर्यंत ऐकणार होते.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर," तो म्हणाला. "पण त्यात आता... हे सगळं आहे. ते बाजूला काढून नुसतं प्रेम देता येणार नाही मला."

"मी कुठे नुसतं मागतेय?"

"आणि मी तुझ्या मनासारखं बोलायचं सोडणार आहे. तुला त्रास होईल."

"होऊ दे."

"आत्ता सांगू? मॅडमकडून कळलं मला. भाचीकडे तू एकटी गेलीस, ते मला आवडलं नाही. तू हिंमत दाखवलीस खरी, पण माझ्या वाटचं तूच बोलून आलीस. मला विचारलं नाहीस."

मला रागच आला. मी काही बोलणार होते; शब्द ओठांवर आले आणि मला जाणवलं, त्याचं म्हणणं बरोबर आहे. "चुकलं," मी म्हणाले. "मग आता?"

"मला जायचंय तिच्याकडे. तिने दार लावलं तरी चालेल. माझ्या तोंडावर लावू दे."

"रविवारी ती घरी असते."

"तू येशील?"

"पहिल्यांदा बाहेर भेटताना लोक बागेत जातात," मी म्हणाले.

तो हसला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. मी उठून त्याच्या शेजारी खाटेवर बसले. त्याने माझा हात हातात घेतला आणि दोघंही समोरच्या अर्ध्या भरलेल्या बॅगेकडे बघत बसलो. मग मी त्याच्या शर्टाच्या घड्या नीट घालून दिल्या, कारण त्याला येतच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी तो गेला. रविवारी दहा वाजता बसथांब्यावर आला. दाढी केलेली, हात मोकळे. फुलं, फळं काही आणायचं नाही, हे आम्ही ठरवलं होतं. तिच्या जिन्यावर त्याने एकदा थांबून श्वास घेतला. मी थांबले त्याच्यासाठी.

दार भाचीनेच उघडलं. तिने मला ओळखलं, चेहरा आक्रसला. मग तिने त्याच्याकडे बघितलं.

"हे ते?" तिने मला विचारलं. "ज्यांना ऐकू आलं होतं?"

"हो," तो म्हणाला. "मीच. श्वास ओला होता, मला शंका आली होती, आणि मी तसं लिहिलं नाही. तुम्ही पाजलात त्यात तुमची चूक नव्हती. मी माझ्या वडिलांना वर्षभर असंच भरवलं, मला कोणीच सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगायला हवं होतं आणि सांगणारा मी होतो. एवढंच."

ती दाराला हात लावून उभी राहिली. तिच्या बोटांवर शाई नव्हती, सुट्टीचा दिवस होता. खालच्या मजल्यावर कोणाच्या तरी घरात भांडी घासण्याचा आवाज चालू झाला आणि थांबला.

"तुमचे वडील," ती शेवटी म्हणाली. "ते... त्यांना त्रास झाला का शेवटी?"

"झाला," तो म्हणाला.

तिने मान हलवली. कोणीतरी इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला खरं सांगितल्यासारखी. मग ती दारातून बाजूला झाली.

"दोघंही आत या," ती म्हणाली. "बसून सांगा."